बाइटांच्या काटकसरीतून घडलेले प्रोग्रॅमिंग

नागपुरात अभियांत्रिकी शिकलेल्या अनेक पिढ्यांचा प्रोसेसरशी पहिला परिचय इंटेलच्या ८०८५ या चिपच्या सराव-किटवर झाला आहे. वहीत निमोनिक (आज्ञेचे लघुनाव) लिहायचे, तक्त्यातून त्याचा ऑपकोड (प्रोसेसरला कळणारा आकडा) शोधायचा (‘एमव्हीआय ए’ साठी ३ई, ‘एचएलटी’ साठी ७६) आणि हेक्स (सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीच्या) कीपॅडवरून तो मेमरीत भरायचा, ही पद्धत विद्यार्थ्यांना अनेकदा निव्वळ अभ्यासक्रमाची अट वाटते. प्रत्यक्षात सुरुवातीच्या पर्सनल कॉम्प्युटरवर काम करणाऱ्यांची ती रोजची रीत होती, आणि तिचे मूळ मेमरीच्या किमतीत होते.

जानेवारी १९७५ मध्ये जाहीर झालेल्या आल्टेअर ८८०० मध्ये इंटेलचा ८०८० प्रोसेसर होता आणि मूळ किटसोबत मिळणारी मेमरी होती २५६ बाइट. पडदा नाही, कीबोर्ड नाही. पुढच्या पॅनेलवरचे स्विच वरखाली करून प्रोग्रॅम बायनरीत भरावा लागे. याच यंत्रासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी ४ केबी मेमरीत मावणारे बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेचे रूप लिहिले. त्यातील दशांश अपूर्णांकांच्या गणिताचा भाग मॉन्टी डेव्हिडॉफ यांचा होता. केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात बेसिक घडवले, ते मोठ्या सामायिक संगणकासाठी. ती भाषा इतक्या लहान जागेत बसवण्यासाठी सगळा प्रोग्रॅम आधीच मशीन कोडमध्ये बदलणाऱ्या कंपायलरऐवजी एकेक आज्ञा वाचत ती पार पाडणारा इंटरप्रिटर वापरला गेला आणि ‘प्रिंट’सारखा संपूर्ण शब्द मेमरीत एका बाइटच्या खुणेने साठवला जाऊ लागला.

इंटरप्रिटरच्या या रचनेने प्रोग्रॅम लिहिण्याच्या सवयी ठरवल्या. ‘गोटू’ या उडीच्या आज्ञेने मागच्या ओळीवर जायचे असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या बेसिकच्या बहुतेक आवृत्त्या ती ओळ प्रोग्रॅमच्या आरंभापासून शोधत येत, म्हणून वारंवार लागणारे सबरूटीन (प्रोग्रॅमचा स्वतंत्र तुकडा) मुद्दाम सुरुवातीच्या ओळींवर ठेवले जाई. ‘रेम’ने लिहायच्या स्पष्टीकरणाच्या टिपा गाळल्या जात आणि कोलन देऊन एका ओळीत अनेक आज्ञा कोंबल्या जात. १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या घरगुती संगणकावर तर साधा आकडाही महाग होता, कारण लिहिलेल्या अंकांपाठोपाठ एक खुणेचा बाइट आणि त्याच संख्येचे पाच बाइटांचे रूप साठवले जाई. म्हणजे ‘१’ लिहिला की सात बाइट खर्च. त्याऐवजी ‘एसजीएन पाय’ (पाय या धन संख्येचे चिन्ह) लिहिले की दोनच बाइटांत एक मिळे, आणि ‘नॉट पाय’ने शून्य. अशा लेखनाला पुढे गचाळ ठरवले गेले. मला तो शेरा अन्यायाचा वाटतो, कारण १६ केबीच्या यंत्रावर वाचायला सोपा पण मेमरीत न मावणारा प्रोग्रॅम कोणाच्याच कामाचा नव्हता.

भारतात ही यंत्रे थोडी उशिरा पोहोचली. स्पेक्ट्रमची भारतीय आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने काढली, तर १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले. या यंत्राच्या ३२ केबी मेमरीतील २० केबी काही ग्राफिक्स मोडमध्ये एकटा पडदाच घेई. त्यामुळे त्याच्या बेसिकमध्ये मधेच चौकटी कंसात असेंब्ली (निमोनिकांची भाषा) लिहिण्याची सोय फार मोलाची ठरली: जिथे वेग हवा तिथे मशीन कोड, बाकी सर्व बेसिक.

मशीन कोडच्या पातळीवर अडचण चिपचीच होती. ६५०२, झेड८० आणि ८०८५ या प्रोसेसर चिपांपैकी एकीकडेही गुणाकाराची आज्ञा नव्हती. दहाने गुणायचे असेल तर संख्येची दुप्पट आणि आठपट काढून त्यांची बेरीज करत. साइनसारखी मूल्ये आधीच काढून तक्त्यात ठेवत. ८०८० वर मेमरीतल्या पत्त्याला निर्देशांक जोडण्याची सोय नसल्याने चालू प्रोग्रॅम कधी कधी स्वतःच्याच आज्ञेतला पत्ता बदलून पुढे जाई. ही युक्ती रॅममध्ये (बदलता येणाऱ्या मेमरीत) चाले, रॉममध्ये (कायम कोरलेल्या मेमरीत) नाही.

वेळ मोजण्याची रीत मात्र किटवर काम केलेल्यांच्या पक्की ओळखीची आहे. ८०८५ मध्ये एक वजा करणाऱ्या ‘डीसीआर’ला ४ आणि उडी घेणाऱ्या ‘जेएनझेड’ला १० टी-स्टेट (घड्याळाचे ठोके) लागतात. ३ मेगाहर्ट्झवर या १४ टी-स्टेटची एक फेरी सुमारे ४.६७ मायक्रोसेकंदांची होते, आणि आठ बिटांच्या रजिस्टरमध्ये जास्तीत जास्त २५६ फेऱ्या बसत असल्याने एका लूपमधून सुमारे १.२ मिलिसेकंदांपलीकडे विलंब मिळत नाही. म्हणून लूपमध्ये लूप. कॅसेटवरील नोंद, स्पीकरचा आवाज, खेळांची गती यांतले बरेच काही अशा मोजणीवर उभे होते. घड्याळाचा वेग बदलला की ही मोजणी कोसळे: ४.७७ मेगाहर्ट्झच्या आयबीएम पीसीसाठी लिहिलेले कित्येक खेळ नंतरच्या वेगवान यंत्रांवर खेळता येईनासे झाले, आणि म्हणून ‘टर्बो’ बटण देऊन वेग कमी करण्याची सोय करावी लागली.

देवनागरीलाही हीच तंगी भोवली. आयबीएमच्या सीजीए या ग्राफिक्स कार्डावर एका अक्षराला ८ बाय ८ ठिपके मिळत. त्यात वेलांट्या आणि उकार नीट मावणे अशक्य होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या आणि पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणन संस्थेने पुढे नेलेल्या जिस्ट या भारतीय लिप्यांच्या तंत्रज्ञानाने त्यासाठी वेगळे कार्डच बनवले, आणि १९९१ च्या इस्की या अक्षरसंकेतांच्या मानकाने भारतीय लिप्यांना आठ बिटांत जागा दिली. डीटीपीच्या (संगणकावरील छपाई-मांडणीच्या) फॉन्टांनी मात्र हे मानक न पाळता त्याच आठ बिटांत आपापल्या सोयीने अक्षरांचे तुकडे बसवले. त्यामुळे त्या काळातल्या मराठी फाइली, मग त्या नागपुरातल्या छापखान्याच्या असोत की कचेरीच्या, मूळ फॉन्ट नसेल तर कन्व्हर्टरशिवाय वाचता येत नाहीत.