सौंदर्यप्रसाधनांतील मायक्रोप्लास्टिक

सौंदर्यप्रसाधने आणि अंगस्वच्छतेच्या उत्पादनांत मुद्दाम मिसळलेले, ५ मिलिमीटरपेक्षा लहान व पाण्यात न विरघळणारे प्लास्टिकचे घन कण. बाटल्या-पिशव्या झिजूनही असे कण तयार होतात. पण हे कारखान्यातच बारीक आकारात बनवले जातात, म्हणून त्यांची गणना प्राथमिक मायक्रोप्लास्टिकमध्ये होते.

यांपैकी सर्वांत परिचित म्हणजे फेसवॉश, स्क्रब आणि टूथपेस्टमधील मायक्रोबीड्स. ते बहुधा पॉलिइथिलिनचे असतात. मृत त्वचा किंवा दातांवरचा थर घासून काढणे एवढेच त्यांचे काम, आणि ते मीठ, साखर, सिलिका किंवा अक्रोडाच्या कवचाची पूडही करू शकते. फाउंडेशन, पावडर व लिपस्टिकमध्ये नायलॉन-१२ किंवा पॉलिमिथाइल मेथाक्रिलेटच्या सूक्ष्म गोळ्या घालतात. त्यांच्यामुळे लेप मऊ पसरतो आणि प्रकाश विखुरल्याने सुरकुत्या कमी दिसतात. चमकीचे कण पुष्कळदा पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर धातूचा थर चढवून केलेले असतात.

चेहरा धुतला की हे कण थेट सांडपाण्यात जातात. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासानुसार स्क्रबच्या एका वापरातून सुमारे ४,६०० ते ९४,५०० कण बाहेर पडू शकतात. सांडपाणी प्रक्रिया केंद्रे त्यांतले बहुतेक अडवतात, पण अडवलेले कण गाळात साठतात आणि तो गाळ खत म्हणून शेतात टाकला की जमिनीत पोहोचतात. उरलेले नद्या-समुद्रांत जातात. तिथे पाण्यातली प्रदूषक रसायने त्यांना चिकटतात, मासे-शिंपले त्यांना गिळतात. एकदा पसरलेले कण गोळा करणे जवळजवळ अशक्य असल्याने खरा उपाय उत्पादनाच्या टप्प्यावरच आहे.

अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतील मायक्रोबीड्सवर बंदी आणली. उत्पादनबंदी जुलै २०१७ पासून लागू झाली. ब्रिटनने २०१८ मध्ये तसेच पाऊल उचलले. मात्र या बंद्या धुऊन टाकायच्या उत्पादनांपुरत्या थांबल्या आणि त्वचेवर राहणारी क्रीम, मेकअप त्यांतून सुटले. युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमाने ही उणीव बरीचशी भरून काढली, पण मुदती लांबच्या आहेत: धुऊन टाकायच्या उत्पादनांना २०२७, त्वचेवर राहणाऱ्यांना २०२९, तर मेकअप, ओठ व नखांच्या प्रसाधनांना २०३५. या शेवटच्या गटातील उत्पादनांत मायक्रोप्लास्टिक असल्यास २०३१ पासून वेष्टनावर तसे छापावे लागेल. विरघळणारे व द्रवरूप पॉलिमर (प्लास्टिक ज्यांचे बनते ती लांब साखळीची रसायने) या नियमाच्या व्याख्येत येत नाहीत.