टोचणी आणि पटणं: ऑफिसवाल्यांचा व्यायाम नेमका कशावर टिकतो?

"प्रेरणा आतून यायला हवी." ऑफिसात आरोग्य सप्ताह आला की हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. बोलणारा टाळ्या घेऊन जातो, ऐकणारे माना डोलावतात आणि दोन महिन्यांनी ऑफिसची जिम पुन्हा ओस पडते. मला या वाक्याचा मनस्वी वैताग आलाय. ते खोटं असतं तर सोडून देता आलं असतं. ते अर्धवट आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी मेख आहे. 'आतून' म्हणून जे येतं त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे मनाची टोचणी. दुसरी म्हणजे एखादी गोष्ट स्वतःला पटलेली असणं.

बाहेरच्या प्रेरणेवर शाई घालवत नाही, ती सगळ्यांना पाठ आहे. पावलांची स्पर्धा, बक्षीस, साहेब पळतात म्हणून आपणही पळणं. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्येच दाखवलं होतं की कोडी सोडवण्यासाठी पैसे दिले आणि नंतर ते बंद केले, की कॉलेजचे विद्यार्थी मोकळ्या वेळात त्या कोड्यांकडे आधीपेक्षा कमी वळतात. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच कर्मचाऱ्यांचे यदृच्छेने दोन गट पाडून आरोग्य कार्यक्रम राबवला. २०१९ मध्ये निकाल छापून आले तेव्हा दिसलं की कार्यक्रमात उत्साहाने शिरलेली मंडळी मुळातच जास्त निरोगी होती. कार्यक्रमामुळे सवयींत फारसा फरक पडला नव्हता. एवढं पुरे.

आता मूळ गोंधळ. डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनी आत आणि बाहेर अशी भिंत घातलेली नाही, त्यांनी पायऱ्या मांडल्या आहेत. सगळ्यात खाली दुसऱ्याचा दबाव. त्याच्या वर स्वतःच स्वतःवर आणलेला दबाव. त्याच्या वर पटलेलं कारण. अगदी वर निखळ मजा. लोकांच्या लक्षात राहतात ती दोन टोकं, आणि घोळ होतो तो मधल्या दोन पायऱ्यांत. व्यायामामागची प्रेरणा मोजायला १९९७ पासून एक प्रश्नावली वापरली जाते. तिच्यात 'व्यायाम केला नाही की मला अपराधी वाटतं' हे विधान एका रकान्यात मोजतात आणि 'व्यायामाचे फायदे मला मोलाचे वाटतात' हे वेगळ्या रकान्यात. ऑफिसच्या कँटीनमध्ये ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडी, एकाच श्वासात ऐकू येतात, म्हणून आपण ती एकच धरतो.

फसायला कारणही आहे. टोचणी कुणी बघत नसतानाही लागते. बॉस रजेवर असो, ॲप बंद असो, ती लागणारच. त्यामुळे ती शंभर टक्के आपलीच वाटते. पण तिचा आवाज नीट ऐका: तो बहुतेक वेळा कुणाचा तरी उसना असतो. डॉक्टरांचा, आरशाचा, शेजारच्या टेबलावरच्या सडपातळ सहकाऱ्याचा. दबाव बाहेरचाच, फक्त मुक्काम आत.

फरक दिसतो तो चुकलेल्या दिवशी. तिमाही संपत आलीय, रात्री साडेनऊपर्यंत कॉल चाललेत. टेबलाखाली बुटांची पिशवी ठेवलेली आहे. टोचणीवर चालणाऱ्याचा मंगळवार बुडतो, गुरुवार बुडतो आणि शुक्रवारपासून त्याला ती पिशवी नजरेसमोर नकोशी होते. तो ती पायाने आत, केबलच्या गुंत्यामागे सरकवतो. मग ठरतं: सोमवारपासून दुप्पट. सोमवारी तो खरंच जातो, जीव खाऊन पळतो, मंगळवारी जिना उतरताना मांड्या भरून आलेल्या असतात, आणि बुधवारी पिशवी पुन्हा केबलमागे. ज्याला व्यायाम पटलेला आहे त्याचेही तेच दोन दिवस बुडतात. तो शनिवारी वीस मिनिटं चालून येतो. भरपाई वगैरे काही नाही, हिशेबच मांडलेला नसतो.

असं का होतं? टोचणी शमवायचे दोन मार्ग असतात. एक, व्यायाम करणं. दोन, व्यायामाचा विचारच टाळणं. दिवसभर स्क्रीनपुढे आंबलेल्या डोक्याला दुसरा मार्ग कितीतरी स्वस्त पडतो, त्यामुळे काम वाढलं की तोच निवडला जातो. म्हणजे जी गोष्ट तुम्हाला जिममध्ये ढकलत होती तीच आता जिमच्या दारापासून लांब ठेवते.

त्यात आणखी एक भर. टोचणीला हलका व्यायाम चालत नाही. प्रायश्चित्त घ्यायचं तर घाम निथळला पाहिजे! इथे शरीर आडवं येतं. बोलता येतं पण गाता येत नाही, इतपत धाप लागेपर्यंत बहुतेकांना बरं वाटत असतं. त्यापलीकडे, जिथे धड बोलताही येत नाही, तिथे बहुसंख्य लोकांना व्यायाम चालू असताना त्रासच होतो. आणि व्यायाम करताना कसं वाटलं यावर पुढच्या महिन्यांत तो चालू राहील का हे बऱ्यापैकी अवलंबून असतं. थोडक्यात, टोचणी वरच्या पायरीवरच्या मजेचीही वाट लावते.

२०१२ मध्ये पेद्रो तेशेरा आणि सहकाऱ्यांनी या विषयावरचे ६६ अभ्यास एकत्र तपासले. सुरुवातीच्या काळात व्यायाम अंगवळणी पाडायला पटलेलं कारण जास्त कामी येतं आणि दीर्घ पल्ल्यात मजा, असा त्यांचा कल निघाला. टोचणीचे निकाल मात्र कधी असे, कधी तसे. म्हणूनच 'आवड असेल तरच टिकतं' म्हणणाऱ्यांवरही माझा राग आहे. नव्याने सुरू करणाऱ्याला पहिले दोन-तीन महिने आवड कुठून येणार? दम लागतो, बूट चावतो, व्यायामाची पद्धत जमत नाही. तेव्हा टेकू पटलेल्या कारणाचाच.

स्वतःचं ओळखायचं कसं? व्यायाम संपल्यावर 'सुटलो एकदाचा' वाटतं की 'बरं वाटलं'? आणि आज फक्त चालायला जमेल असं दिसलं तर ते मोजता का? 'चालणं हा काय व्यायाम आहे?' असं तोंडातून निघालं की समजा, टोचणी बोलतेय. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचालीची आहे, आणि झपझप चालणं त्यात धडधडीत बसतं.

बाकीचे वाद किरकोळ. शिस्त मोठी की प्रेरणा, यावर भांडणारे एकाच गोष्टीला दोन नावं देऊन भांडत असतात, जाऊ द्या. '२१ दिवसांत सवय लागते' हे तर सोडाच. फिलिपा लॅली यांच्या लंडनमधल्या अभ्यासात नवी सवय अंगात मुरायला मध्यक ६६ दिवस आला, आणि माणसामाणसांत फरक १८ ते २५४ दिवसांचा. त्याच अभ्यासात एखादा दिवस चुकल्याने सवयीचं विशेष काही बिघडलं नव्हतं. हे दुसरं वाक्य कुणी फॉरवर्ड करत नाही.

माझा खरा राग ऑफिसांवर आहे, कारण ती टोचणीचं घाऊक उत्पादन करतात. कोण किती चाललं याची यादी सगळ्या टीमला मेल करायची, शेवटच्या तिघांची नावं हसत हसत मीटिंगमध्ये घ्यायची, आणि वर याला प्रोत्साहन म्हणायचं. त्यापेक्षा संध्याकाळी सहानंतर मीटिंग लावू नका. कुणी काय करायचं, कधी करायचं ते त्याच्यावर सोडा. बक्षीसच द्यायचं असेल तर कुठे द्यायचं तेही बघा: अमेरिकेतल्या एका मोठ्या जिम साखळीच्या ६१ हजारांवर सदस्यांवर ५४ वेगवेगळ्या युक्त्या चार आठवडे करून पाहिल्या गेल्या, निकाल २०२१ मध्ये आले. सगळ्यात सरस ठरली ती एक दिवस चुकल्यावर परत येणाऱ्याला छोटंसं बक्षीस देणारी युक्ती. युक्त्या थांबल्यावर बहुतेकींचा परिणाम ओसरला, हेही खरं. पण न चुकलेल्या दिवसांच्या अखंड साखळीपेक्षा परत येणं मोलाचं धरणारी युक्ती सर्वांत पुढे गेली, हे साखळी मोडली म्हणून लाल खूण दाखवणाऱ्या ॲपवाल्यांना कुणीतरी कळवायला हवं.

आणि कारण पटवून घ्यायचं तर ते जवळचं हवं. वीस वर्षांनंतरचं हृदय हे कारण बरोबर आहे, पण आज साडेसहाला कॉल आणि चालणं यांतून निवडताना ते फार लांब पडतं. दुपारी चारनंतर मान आखडत नाही, रात्री पडल्या पडल्या झोप लागते, घरी पोचल्यावर कुणावर खेकसत नाही, ही कारणं त्याच दिवशी हातात पडतात. मिशेल सीगर यांनी मध्यमवयीन स्त्रियांवर केलेल्या कामातही रोजचं जगणं बरं व्हावं म्हणून व्यायाम करणाऱ्या, वजन उतरवण्यासाठी करणाऱ्यांपेक्षा जास्त नियमित आढळल्या.

सुरुवात टोचणीने झाली तर? होऊ दे. तपासणीचा रिपोर्ट हातात पडल्यावर बूट घेणारे कमी नाहीत, आणि तेवढ्यासाठी कुणी त्यांना नावं ठेवू नयेत. फक्त कामाचा पुढचा लोंढा यायच्या आत जवळचं एखादं कारण हाताशी असू द्या, आणि तोवर दोन-चारदा मुद्दाम अर्ध्या वेळात व्यायाम आटोपून घरी जाऊन बघा. त्या संध्याकाळी चुटपुट लागली नाही, तर तुम्ही वरच्या पायरीवर आलेले असाल.