विसरभोळं लोखंड

गेल्या महिन्यात सांगलीच्या मामींनी चुंबकीय गादी घेतली. एका मंगल कार्यालयात चहा-पोह्यांसकट प्रात्यक्षिक होतं, तिथून. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी बजावलं, "रक्तात लोह असतंय ना? मग चुंबक ते ओढणारच की."

यातलं पहिलं वाक्य खरं आहे, दुसरं नाही. खिळ्यातल्या लोखंडात अब्जावधी अणू शेजाऱ्याचं बघून एकाच दिशेला तोंड करतात. रक्तातलं लोह ज्यात असतं त्या हिमोग्लोबिनच्या अवाढव्य रेणूत लोहाचे अणू असतात चार, आणि तेही लांब लांब बसलेले. ते शेजाऱ्याचं बघणार कसं? प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन तर चुंबकापासून किंचित लांबच सरकतं. लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल या रसायनशास्त्रज्ञांनी हे १९३६ मध्ये मोजून दाखवलं. मामी स्वतः गुडघ्यासाठी मिरजेला एमआरआय करून आल्यात. दीड टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं माप) यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या तीस हजार पटींहून जास्त. चुंबक रक्त ओढत असता तर मामी गादी घ्यायला उरल्याच नसत्या. हे अर्थातच मी त्यांना बोललो नाही.

गंमत अशी की चुंबकीय लोह शरीरात खरोखर सोडतात. फक्त ते गादीतल्यासारखं नसतं, विसरभोळं असतं.

लहानपणी हरिपूरच्या संगमावर आम्ही जुन्या स्पीकरचा चुंबक सुतळीला बांधून वाळूतून ओढायचो. त्याला काळ्या कणांची दाढी यायची. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटच्या, म्हणजे लोहाच्या चुंबकीय ऑक्साइडच्या, जातीची खनिजं असतात. पाषाण झिजतो आणि ते कण कृष्णेतून खाली येतात. चुंबक काढून घेतला तरी यातले काही कण एकमेकांना चिकटूनच राहायचे, कारण चुंबक येऊन गेल्याची आठवण त्यांच्यात उरलेली असते. रक्तवाहिनीत हे परवडणारं नाही. सर्वांत बारीक केशवाहिन्यांतून तांबडी पेशीसुद्धा अंग चोरून जाते, तिथे गुठळी झाली की वाट बंद.

प्रयोगशाळेत मॅग्नेटाइट करणं तसं सोपं आहे. लोहाचे दोन क्लोराइड क्षार घ्यायचे, फेरस एक भाग आणि फेरिक दोन भाग. ते पाण्यात विरघळवायचे, भांड्यात नायट्रोजन सोडत राहायचा (हवा लागली की फेरसचं फेरिक होतं आणि प्रमाण बिघडतं) आणि ढवळत ढवळत अमोनिया घालायचा. पिवळट-तपकिरी द्रावण बघता बघता काळंकुट्ट होतं. भांड्याखाली चुंबक धरला की साका तळाशी बसतो, वरचं पाणी ओतून टाकून धुता येतं. कण बहुधा दहा-पंधरा नॅनोमीटरचे (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) होतात, तांबड्या पेशीच्या व्यासाच्या एक-दोन सहस्रांश. दोष एकच: सगळे एका मापाचे होत नाहीत. आणि खरी कथा मापाचीच आहे.

एवढ्याशा कणात सगळे अणू एकाच दिशेला असतात, म्हणजे कण हा एकच इवला चुंबक. त्याच्या स्फटिकात चुंबकत्वाला काही दिशा सोयीच्या असतात. एका सोयीच्या दिशेकडून दुसरीकडे जायचं तर मध्ये ऊर्जेचा घाट लागतो, साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकी लागतो तसा. घाटाची उंची कणाच्या घनफळावर ठरते आणि गाडीचं इंजिन म्हणजे तापमान. घाट चढायला लागणारा वेळ उंचीच्या प्रमाणात वाढत नाही, घातांकी वाढतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नील यांनी हे गणित १९४९ मध्ये मांडलं.

त्यात मॅग्नेटाइटचे रूढ आकडे घालून बघा. दहा नॅनोमीटरच्या कणासाठी घाट उष्णतेच्या ऊर्जेच्या दीडपट, म्हणून दिशा काही नॅनोसेकंदांतच उलटते. व्यास दुप्पट केला की घनफळ आठपट, म्हणून घाट उष्णतेच्या ऊर्जेच्या बारापट. वेळ लागतो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका. व्यास तिप्पट केला की घाट त्याच ऊर्जेच्या चाळीसपट आणि वेळ कित्येक वर्षं! दहा नॅनोमीटरला क्षणात विसरणारा कण तीस नॅनोमीटरला वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो. मला हे गणित अजून वेड लावतं. लहान कण चुंबक जवळ असला की झटकन रांगेत येतात, दूर नेला की लगेच विसरतात. याचं नाव सुपरपॅरामॅग्नेटिझम.

तरी नुसते कण पाण्यात टिकत नाहीत, आकर्षणाने गोळा होऊन खाली बसतात. १९६३ मध्ये नासाच्या स्टीव्ह पॅपेल यांनी ओलेइक आम्लाचं आवरण देऊन ते केरोसिनसारख्या द्रवात तरंगत ठेवले होते, पण शिरेत रॉकेल कोण घालणार? पाण्यासाठी सायट्रिक आम्ल चालतं. त्याची एक बाजू लोहाला धरते, उरलेल्या बाजूवरचा ऋणभार शेजारच्या कणाला लांब ठेवतो. दुसरा मार्ग डेक्स्ट्रानसारख्या शर्करेचा कोट.

उपयोग पुष्कळ आहेत. कोविडच्या काळात नाकातला स्वॅब दिला असेल, तर तुमच्या नमुन्यातला आरएनए बहुधा सिलिकाचा मुलामा दिलेल्या अशाच चुंबकीय कणांनी वेचला असेल: कणांना चिकटवा, चुंबकाने ओढा, धुवा, सोडवा. अशाच कणांचं फेरुमॉक्सिटॉल नावाचं औषध तर शिरेतून देतात. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या ॲनिमियावर अमेरिकेत त्याला २००९ मध्ये मान्यता मिळाली. शरीर तो कण फोडून लोह वापरतं. तिथे चुंबकत्वाचा संबंधच नाही. बाहेर चुंबक धरून पोटातल्या गाठीपर्यंत औषध ओढत नेण्याच्या बातम्या मात्र जपून वाचा. अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने घटते, आणि रक्ताचा प्रवाह काही थांबून राहत नाही.

कर्करोगावरचा उपचार जास्त खरा. कण गाठीत सोडतात आणि सेकंदाला लाखभर वेळा उलटणारं क्षेत्र लावतात. कणांना त्या गतीशी पाऊल नेमकं जुळवता येत नाही, त्या ओढाताणीत उष्णता निघते आणि गाठ ४२-४५ अंशांपर्यंत तापते. जर्मनीत तयार झालेल्या या उपचाराला मेंदूतल्या गाठींसाठी युरोपात २०१० मध्ये परवानगी मिळाली. आधी दातांतली धातूची भरणं काढावी लागतात. नंतर एमआरआयमध्ये तेवढा भाग काळाठिक्कर दिसतो, म्हणून गाठीचं पुढे काय झालं ते सीटी स्कॅनवर बघावं लागतं.