अणुइंधन गोळी (पेलेट)

युरेनियम डायऑक्साइडची भुकटी दाबून आणि उच्च तापमानाला भाजून केलेली दंडगोलाकार गोळी. पाण्याने थंड होणाऱ्या बहुतेक अणुभट्ट्यांचे हेच इंधन. झिर्कॅलॉय या मिश्रधातूच्या नळ्यांत गोळ्या एकापुढे एक रचून नळ्या बंद करतात व त्यांच्या जुड्या बांधतात. भारतीय २२० मेगावॉट जड पाण्याच्या भट्टीच्या जुडीत १९ नळ्या असतात, तारापूरच्या ५४० मेगावॉट भट्ट्यांत ३७.

भारतात हे काम मुख्यतः १९७१ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या न्यूक्लिअर फ्युएल कॉम्प्लेक्समध्ये चालते. युरेनिल नायट्रेटच्या शुद्ध द्रावणात अमोनिया सोडला की अमोनियम डाययुरेनेटचा पिवळा साका बसतो. तो वाळवून, भाजून आणि शेवटी हायड्रोजनमध्ये क्षपण करून (म्हणजे त्यातला काही ऑक्सिजन काढून) भुकटी मिळते. गोळीचे भवितव्य खरे तर साका बसतानाच बरेचसे ठरते. द्रावणाची आम्लता, तापमान आणि अमोनिया सोडण्याचा वेग यांवर कणांचा आकार व त्यांचे पुंजके अवलंबून असतात, आणि त्यांची छाप पुढच्या प्रत्येक टप्प्यावर राहते.

कण बारीक असले की भाजताना ते चांगले सांधले जातात, पण तीच भुकटी साच्यात नीट वाहत नाही. म्हणून ती आधी हलकी दाबून, फोडून, चाळून रवाळ करतात. फार बारीक भुकटी हवेत आपोआप पेटू शकते, त्यामुळे तिच्या पृष्ठभागाचे थोडे ऑक्सिडीकरण मुद्दाम घडवून ती स्थिर केली जाते. दाबलेली गोळी हायड्रोजनयुक्त वातावरणात सुमारे १,७०० अंश सेल्सिअसला भाजतात (सिंटरिंग). ती सर्व बाजूंनी आक्रसते, पण साच्यात दाब सगळीकडे सारखा पोचलेला नसल्याने मध्यभागी किंचित बारीक होते. मग घासून व्यास एकसारखा करावा लागतो.

गोळीतली छिद्रे हा या विषयाचा गाभा आहे. युरेनियम डायऑक्साइडची सैद्धांतिक घनता घन सेंटिमीटरला सुमारे १०.९६ ग्रॅम, गोळी तिच्या साधारण ९५ ते ९७ टक्क्यांपर्यंतच नेतात. विखंडनातून झेनॉन, क्रिप्टॉनसारखे वायू निर्माण होतात आणि इंधन फुगते. उरलेल्या छिद्रांत त्या फुगवट्याला जागा मिळते. मात्र कोणतीही छिद्रे चालत नाहीत. १९७२ साली अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील गिन्ना भट्टीत काही नळ्या चेपलेल्या आढळल्या. प्रारणामुळे गोळ्यांतली अतिसूक्ष्म छिद्रे मिटून गोळ्या आक्रसल्या होत्या, रांगेत पोकळ्या पडल्या होत्या आणि तिथे बाहेरच्या पाण्याच्या दाबाने नळी आत दबली होती. छिद्रे किती यापेक्षा ती किती मोठी, हे तेव्हापासून कसोशीने पाहिले जाऊ लागले. भुकटीत छिद्रकारक पदार्थ मिसळून मोठी, टिकाऊ छिद्रे घडवण्याची पद्धत यासाठीच महत्त्वाची आहे.

प्लुटोनियम मिसळलेल्या इंधनात धूळ हाच मोठा धोका, कारण श्वासावाटे गेलेला कण फुप्फुसात अल्फा प्रारण करत राहतो. तारापूरच्या प्रगत इंधन निर्मिती सुविधेत असे मिश्र ऑक्साइड इंधन बनते. तिथली भुकटी बाहेरच्यापेक्षा कमी दाब राखलेल्या हातमोजे-पेट्यांतच (भिंतीत हातमोजे बसवलेल्या बंद पेट्यांत) हाताळतात.

सॉल-जेल पद्धतीत भुकटीच टाळली जाते: द्रावणाचे थेंब गोठवून सूक्ष्मगोलक करतात. ते सहज वाहतात आणि धूळ उडत नाही. थोरियमपासून मिळणाऱ्या युरेनियम-२३३ सोबत तीव्र गॅमा प्रारण करणारी मूलद्रव्ये येतात व काम जाड भिंतीआडून, दुरून करावे लागते. तिथे हा मार्ग विशेष सोयीचा ठरतो.