दोन डाइव्हमधला विसावा आणि विमानाआधीचा विसावा

कॅरिबियनच्या सहलीत बेटं बदलताना एक हिशोब हमखास मांडला जातो. समजा, क्युरासाव बेटावर दिवसभराचा थांबा आहे. सकाळी दोन स्कूबा डाइव्ह केल्या, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन दोनदा पाण्याखाली गेलो, साडेअकराला पाण्याबाहेर आलो, विमान रात्री साडेआठला. मधे नऊ तास मिळतात. पहिल्या आणि दुसऱ्या डाइव्हच्या मधे तासभर पुरला, मग विमानासाठी नऊ तास भरपूर झाले, असं वाटतं. हा हिशोब चुकीचा आहे, आणि चूक आकड्यात नाही. दोन वेगळ्या गोष्टी एकाच मापाने मोजल्या, तिथे घोटाळा झाला.

पहिली गोष्ट सरफेस इंटरव्हल, म्हणजे एक डाइव्ह संपवून वर आल्यापासून पुढच्या डाइव्हसाठी खाली जाईपर्यंतचा वेळ. दुसरी नो-फ्लाय टाइम, म्हणजे शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसण्याआधी थांबायचा वेळ. दोन्हींत आपण किनाऱ्यावर बसून पाणी पीत असतो, म्हणून त्या सारख्या वाटतात. पण सरफेस इंटरव्हलनंतर आपण जास्त दाबात जातो आणि नो-फ्लाय टाइमनंतर कमी दाबात. सगळा फरक यातून निघतो.

समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण 1 बार असतो. दर 10 मीटर खोलीला त्यात 1 बारची भर पडते, म्हणून 18 मीटरवर तो 2.8 बार होतो. त्या दाबाची हवा श्वासातून घेतल्यामुळे नेहमीपेक्षा जास्त नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे हळूहळू निघून जातो. तासाभरात सगळा जात नाही, पण दुसऱ्या डाइव्हसाठी ते चालतं, कारण खाली गेल्यावर दाब पुन्हा वाढतो आणि उरलेला नायट्रोजन विरघळलेलाच राहतो. त्याची किंमत खाली राहण्याच्या वेळेत मोजावी लागते. डाइव्हिंग शिकवणाऱ्या पॅडी (PADI) संस्थेच्या तक्त्यात 18 मीटरवर पहिल्या डाइव्हला 56 मिनिटांची मर्यादा आहे. त्याच खोलीवरच्या दुसऱ्या डाइव्हला ती घटते, आणि मधला विसावा जितका लहान तितकी जास्त घटते.

विमानात उलटं होतं. प्रवासी जेटच्या केबिनमधला दाब सुमारे 8,000 फूट, म्हणजे 2,400 मीटर उंचीवरच्या दाबापर्यंत उतरू शकतो, म्हणजे जवळपास 0.75 बार. किनाऱ्यावर शांतपणे विरघळून राहिलेला नायट्रोजन तिथे बुडबुड्यांच्या रूपात बाहेर पडू शकतो. सांध्यात, त्वचेत किंवा मज्जारज्जूत असे बुडबुडे झाले की त्याला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात.

नऊ तास का पुरत नाहीत, हे आकड्यांत पाहू. शरीराच्या सगळ्या ऊती एका वेगाने रिकाम्या होत नाहीत. डाइव्ह कॉम्प्युटरमध्ये, म्हणजे खोली आणि वेळ मोजणाऱ्या मनगटी यंत्रात, बऱ्याचदा वापरलं जाणारं ब्यूलमान गणित ऊतींचे सोळा काल्पनिक कप्पे धरतं. सर्वांत चपळ कप्प्यातला जादा नायट्रोजन चार-पाच मिनिटांत अर्धा होतो, तर सर्वांत संथ कप्प्याला त्यासाठी 635 मिनिटं लागतात. पॅडीचा तक्ता मुख्यतः 60 मिनिटांच्या कप्प्यावर बेतलेला आहे. सहा तासांत त्या कप्प्यात जादा नायट्रोजनचा चौसष्टावा भाग उरतो, म्हणून सहा तासांनंतरची डाइव्ह तो पहिलीच धरतो. पण 635 मिनिटांच्या कप्प्यात नऊ तासांनंतरही निम्म्याहून अधिक शिल्लक असतं, आणि अठरा तासांनंतरही जवळपास तिसरा हिस्सा. एका डाइव्हमध्ये हा कप्पा फारसा भरत नाही. रोज तीन डाइव्ह करत आठवडा काढला की तो थोडा थोडा भरत जातो. क्युरासावशेजारच्या बोनेर बेटावर किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरता येतं, त्यामुळे तिथे असा आठवडा सहज होतो.

म्हणून डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेची मार्गदर्शक वेळ डाइव्हच्या संख्येनुसार बदलते. वर येताना नायट्रोजन निघावा म्हणून मधे सक्तीचे थांबे घ्यावे न लागणारी एकच डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास. दिवसात एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग अनेक दिवस डाइव्ह असतील तर किमान 18 तास. डीकम्प्रेशनचे सक्तीचे थांबे घेतले असतील तर 18 पेक्षा बरेच जास्त. ‘एकच’ हा शब्द इथे काटेकोरपणे घ्यायचा. शेवटच्या दिवशी एकच केली, पण आदल्या पाच दिवसांत दहा झाल्या, तर बारा तासांचा नियम तुमच्यासाठी नाही. शिवाय या किमान वेळा आहेत. त्या पाळल्या म्हणजे धोका कमी होतो, शून्य होत नाही. सहलीचा शेवटचा पूर्ण दिवस, म्हणजे 24 तास, कोरडा ठेवावा असं आमचं ठाम मत आहे.

आता वरचा थांबा पुन्हा पाहा. दोन डाइव्ह झाल्या, म्हणजे 18 तास हवेत आणि हातात नऊच आहेत. एकच केली असती तरी बारा लागले असते. दिवसभराच्या थांब्यात स्कूबा बसतच नाही. तिथे स्नॉर्केलिंग करावं. पृष्ठभागावर नळीतून श्वास घेताना दाबाखालची हवा घेतली जात नाही, त्यामुळे त्याला हे बंधन नाही.

रात्रीची डाइव्हही अशीच फसवते. साडेआठला वर आलात तर 18 तास दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला भरतात, आणि परतीचं विमान बऱ्याचदा सकाळचं असतं. मोजणी शेवटच्या डाइव्हमधून वर आल्याच्या मिनिटापासून विमान उडेपर्यंत करायची. नायट्रॉक्स (जास्त ऑक्सिजनची हवा) वापरलं किंवा वर येताना खबरदारी म्हणून 5 मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप केला, म्हणून त्यातून तास वजा होत नाहीत. येताना मात्र अडचण नाही. मुंबईहून ॲमस्टरडॅममार्गे उतरलात तर दाबाच्या दृष्टीने लगेच पाण्यात जाता येतं. तरी एवढ्या प्रवासानंतर रात्रभर झोप आणि भरपूर पाणी घ्यावं.

मनगटावरच्या कॉम्प्युटरवर दोन्ही वेळा शेजारी दिसतात आणि गोंधळ तिथेच होतो. एक आकडा वाढत जातो, समजा 2:15. तो सरफेस इंटरव्हल. दुसऱ्याशेजारी छोटं विमान असतं आणि आकडा घटत जातो, समजा 15:45. तो नो-फ्लाय. काही मॉडेलं सरसकट 24 तास मोजतात, काही गणित करून कमी दाखवतात. विमानाचं चिन्ह बारा तासांतच गेलं आणि तुमच्या डाइव्ह अनेक असतील, तर 18 तासच धरा. चिन्ह 18 तासांनंतरही टिकलं, तर ते जाईपर्यंत थांबा. दोघांपैकी मोठा आकडा खरा. नवी डाइव्ह केली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, हे बेत आखताना धरून चाला.

बेटांमधली छोटी विमानं कमी उंचीवरून जातात, म्हणून ती चालतील असा एक युक्तिवाद ऐकू येतो. सिंट मार्टेन बेटाहून सबा बेटावर जायला ट्विन ऑटर या छोट्या विमानाला जेमतेम पाव तास लागतो. वरच्या वेळा 2,000 ते 8,000 फुटांच्या केबिन उंचीसाठी आहेत हे खरं, पण ट्विन ऑटरच्या केबिनमधला दाब राखलेला नसतो आणि उंची ठरते ती हवामानावर आणि वैमानिकाच्या निर्णयावर. त्यावर भिस्त ठेवून तास कापू नयेत. सबाला फेरीबोटही आहे. बोटीत दाब बदलत नाही, त्यामुळे डाइव्ह झाल्यावर बेट बदलायला तीच सोयीची.

उंचीचा प्रश्न विमानापुरता नाही, आणि सबाला तो सर्वांत ठळक दिसतो. फोर्ट बेचं बंदर समुद्रपातळीला, विंडवर्डसाइड गाव सुमारे 400 मीटरवर आणि माउंट सीनरीचं शिखर 887 मीटरवर. सकाळी डाइव्ह आणि दुपारी शिखर हा बेत आकर्षक वाटतो, पण तो उलट क्रमाने किंवा वेगळ्या दिवशी करावा. डाइव्हनंतर लगेच चढल्यास दाब घटतो आणि श्रमाचीही भर पडते. डाइव्हच्या आधी शिखर उरकलं तर दाबाचा प्रश्न नाही, पण दमलेल्या अंगाने पाण्यात उतरू नये. बोनेरचं ब्रँडारिस 241 मीटरचंच आहे, त्यामुळे कोरड्या शेवटच्या दिवशी तिथे जायला हरकत नाही.

आपल्याकडे मालवणला डाइव्ह करून आंबोली घाटातून बेळगावकडे निघणाऱ्यांनाही हेच लागू आहे. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे. पर्यटकांची काही मिनिटांची उथळ डाइव्ह वेगळी. प्रमाणपत्र घेऊन दिवसभरात दोन-तीन खोल डाइव्ह करणाऱ्यांनी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी घाट चढावा.

कोपर-खांदा ठणकणं, हातापायाला मुंग्या किंवा बधिरपणा, चक्कर, अंगावर चट्टे, झोपेनेही न जाणारा थकवा, यातलं काही डाइव्हनंतरच्या 24 तासांत जाणवलं तर विमान रद्द करा, तास भरले असले तरी. आडवं झोपवून 100 टक्के ऑक्सिजन सुरू करायचा आणि डाइव्ह सेंटरला जवळच्या रीकम्प्रेशन चेंबरशी (दाब पुन्हा वाढवून उपचार करण्याच्या कक्षाशी) बोलायला सांगायचं. ऑक्सिजनने बरं वाटलं म्हणून उठून विमानतळ गाठू नका, तपासणी होईपर्यंत थांबा. डाइव्ह कॉम्प्युटर रुग्णासोबतच पाठवा. किती खोल गेला, किती वेळ होता आणि शेवटचा कधी वर आला हे डॉक्टर सर्वांत आधी विचारतात, आणि त्याची नोंद त्यात असते.