पालीची शेपूट नेमकी कुठून तुटते?

पावसाळा सुरू झाला की ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याच्या सोसायट्यांमध्ये, पोखरण रोडपासून थेट घोडबंदर रोडपर्यंत, एक तक्रार हमखास ऐकू येते: घरात पाल शिरलीय. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, ग्लू पॅड लावा, अंड्याची टरफलं ठेवा, मोरपीस अडकवा, असे सल्ले मिळतात आणि शेवटी झाडू उचलला जातो. फटका बसतो, पाल कपाटामागे पळते आणि फरशीवर तिची शेपूट वळवळत राहते. कुणीतरी म्हणतं, "जाऊ दे, शेपूटच तर आहे, पुन्हा येईल."

शेपूट पुन्हा येते हे खरं. पण गेली तशीच येत नाही, आणि जी गेली ती काय चीज होती याची आपल्याला कल्पना नसते. पालीच्या शेपटीइतकी विचारपूर्वक केल्यासारखी वाटणारी रचना सजीवांमध्ये थोडीच सापडेल. विचार कुणीच केलेला नाही, लाखो पिढ्यांच्या नैसर्गिक निवडीचं हे काम आहे. म्हणूनच ती मला जास्त थक्क करते.

शेपूट दोन मणक्यांच्या मधल्या सांध्यात तुटत असेल असा आपला अंदाज असतो. तो चुकीचा आहे. ती मणक्याच्या मधोमध तुटते, म्हणजे सांध्यात नव्हे तर हाडात. शेपटीच्या बुडाचे पहिले काही मणके सोडले तर पुढच्या मणक्यांमध्ये मुळातच एक आडवी, कमकुवत फट असते. तिच्याच रेषेत स्नायू, चरबी आणि कातडी यांचेही जोड येतात, त्यामुळे सगळे थर एकाच पातळीवर सुटे होतात. शिवाय ही शेपूट शत्रूने तोडायची वाट बघत नाही. धोका जाणवला की पाल त्या जागेच्या स्नायूंना एकदम आकुंचन देते आणि शेपूट स्वतः सोडून देते. तिथली रक्तवाहिनी भोवतीच्या वर्तुळाकार स्नायूंनी आवळली जाते. म्हणून एवढा अवयव गेला तरी फरशीवर रक्ताचा जेमतेम थेंब दिसतो.

आता खरी अडचण बघा. क्षणात सुटणारी वस्तू एरवी घट्टही राहायला हवी. पाल रात्रभर धावते, उड्या मारते, दुसऱ्या पालीशी भांडते. प्रत्येक हिसक्याला शेपूट गळून पडू लागली तर काय उपयोग? घट्टही आणि सुटीही, हे कसं जमतं याचं सुंदर उत्तर २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या अबू धाबी इथल्या संशोधकांनी पालींच्या तुटलेल्या शेपट्यांची टोकं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. शेपटीच्या प्रत्येक खंडात स्नायूंचे निमुळते गठ्ठे वर्तुळात मांडलेले असतात आणि ते शेजारच्या खंडातल्या खोबणींमध्ये बसतात. या गठ्ठ्यांच्या पृष्ठभागावर दाटीवाटीने सूक्ष्म खांब उभे असतात, डोक्याशी रुंद, अगदी अळंबीच्या आकाराचे. त्या प्रत्येक खांबाच्या माथ्यावर आणखी बारीक, नॅनोमीटरमध्ये मोजायची छिद्रं असतात.

हे खांब समोरच्या भागात खिळ्यासारखे घुसलेले नसतात, नुसते टेकलेले असतात. शेपूट सरळ मागे ओढली तर ताण सगळ्या खांबांवर वाटला जातो. एखाद्या ठिकाणी तडा सुरू झाला तरी खांबांमधल्या फटी आणि माथ्यावरची छिद्रं त्याला पुढे सरकू देत नाहीत. पण शेपूट वाकवली की गणित बदलतं. सगळा ताण एका कडेला गोळा होतो, तिथली रांग सुटते, मग तिच्यामागची, मग त्यामागची. भिंतीवरचा स्टिकर सपाट धरून ओढला तर निघत नाही, पण कोपरा उचलून सोलला की सहज निघतो, तसं हे आहे. पाल शेपूट सोडताना ती बाजूला झटक्यात वाकवते, त्यामागे हेच कारण. झाडूच्या फटक्यात किंवा दाराच्या फटीतही शेपूट बहुतेक वेळा ओढली जात नाही, वाकते.

तुटलेली शेपूट वळवळते तेव्हा लहान मुलंच काय, मोठी माणसंही घाबरतात. मेंदूशी संबंध तुटल्यावर हालचाल चालू राहतेच कशी? मज्जारज्जूचा जो तुकडा शेपटीत राहतो, त्यातल्या चेतापेशींची जाळी स्वतःच्या बळावर स्नायूंना लय देऊ शकते. २००९ मध्ये लेपर्ड गेको या पालीवर झालेल्या अभ्यासात तुटलेली शेपूट नुसती डावी-उजवीकडे हलत नाही, मध्येच उसळीही मारते असं दिसलं, आणि या उसळ्या तीन सेंटिमीटरपर्यंत उंच होत्या. ठरावीक लयीची हालचाल मांजराच्या लगेच लक्षात येईल. अनपेक्षित उसळीने मात्र मांजराचं ध्यान शेपटीवर खिळून राहतं आणि पालीला पळायला वेळ मिळतो.

हा वेळ पाल फार मोठी किंमत मोजून विकत घेते. शेपूट हा तिचा चरबीचा साठा आहे. शेपटीवर तिचा तोलही अवलंबून असतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात २००८ मध्ये चपट्या शेपटीच्या एका पालीवर प्रयोग झाले. ही पाल आपल्या घरातल्या पालीच्याच कुळातली. उलटी खाली पडू लागली तर शेपूट फिरवून ती सेकंदाच्या दहाव्या भागात हवेत सरळ होते आणि पायांवर उतरते. शेपूट नसलेल्या पालींना हे धड जमेना. उभ्या भिंतीवर पाय घसरला तर हीच शेपूट भिंतीला टेकून ती मागे कलंडायचं टाळते.

पाल अंगावर पडणं हा आपल्याकडे अजूनही शकुन-अपशकुनाचा विषय आहे. कुठल्या अवयवावर पडली तर काय फळ, याची कोष्टकं पंचांगांत छापली जातात. छताचा रंग भुकटीसारखा सुटत असेल तर पालीच्या पायांची पकड भिंतीवर बसत नाही, त्या सुट्या भुकटीवर बसते आणि ती पडते. दोन नर भांडत असले तरी पडते. खाली कोण बसलंय याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही. आंघोळ करायची तर खुशाल करा, भीतीपोटी नको.

नव्या शेपटीकडे येऊ. तुटलेल्या जागी आधी जखम भरते, मग वाढत्या पेशींचा कोंब तयार होतो आणि काही आठवड्यांत शेपूट लांबू लागते. पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक पदार्थाची, एक सलग नळी असते. असं का? अंड्यातल्या भ्रूणाची शेपूट घडत असताना मज्जारज्जूच्या खालच्या आणि वरच्या बाजूंकडून वेगवेगळे रासायनिक संदेश निघतात. खालच्या बाजूच्या संदेशाचं नाव सॉनिक हेजहॉग, हे एक प्रथिन आहे. कूर्चा बनवण्याचा आदेश ते देतं आणि वरच्या बाजूचे संदेश त्याला लगाम घालतात. प्रौढ पालीच्या तुटलेल्या टोकातून जी चेतानलिका, म्हणजे मज्जारज्जूचा नवा धागा, पुढे वाढते, तिला मात्र वर-खाली हा भेदच उरलेला नसतो. तिच्या सगळ्या बाजू "खालच्या"सारख्या वागतात. परिणामी चहूबाजूंनी सॉनिक हेजहॉग पाझरतं, चहूबाजूंनी कूर्चाच बनते आणि नळी तयार होते. मणके नाहीत म्हणजे मणक्यांच्या आतल्या फटीही नाहीत. म्हणून नवीन भाग पुन्हा त्या पद्धतीने सोडता येत नाही. पुढच्या वेळी शेपूट तुटायची तर ती जुन्या, शरीराजवळच्या मणक्यातच तुटावी लागते. प्रत्येक झाडूगणिक पालीच्या सुटकेच्या संधी अशा कमी होत जातात.

हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. रात्री ट्यूबलाइटजवळ चुकचुकणाऱ्या पालीची शेपूट नीट बघा. मूळ शेपटीवर बारीक काट्यांची वलयं दिसतात. नवीन आलेला भाग गुळगुळीत असतो, रंगाने थोडा वेगळा, आणि जोड स्पष्ट कळतो. कधी शेपूट अर्धवटच तुटते, जुनी तशीच लोंबत राहते आणि जखमेतून दुसरी फुटते. मग "दोन शेपट्यांची पाल" म्हणजे लक्ष्मी, अशी आवई उठते. जखम चुकीची भरली, एवढाच त्याचा अर्थ.

दुसऱ्या टोकाला "पालीच्या जनुकांमुळे माणसाचे हातपाय उगवणार" अशा बातम्या येत असतात. ज्या पालीला स्वतःच्या शेपटीतला एक मणका परत मिळवता येत नाही आणि तुटलेला पाय तर मुळीच उगवता येत नाही, तिच्या नावावर असली आश्वासनं देणं हा रुग्णांवर अन्याय आहे. तुटलेला पाय हाडांसकट परत आणणारा प्राणी सॅलमँडर. तो बेडकाच्या वर्गातला, सरपटणारा नव्हे.

तर घरात काही दिसलं तर काय करायचं? आधी कोण आहे ते ओळखा. भिंतीवर चढणारी, उभ्या बाहुलीची, मोठ्या डोळ्यांची ती पाल. ती घरातच राहणारी आहे. झुरळं, पतंग, डास खाते. तिला विष नसतं, भारतातल्या कुठल्याच पालीला नसतं. दुधात पडली तर दूध फेकून द्यायचं ते विषापायी नव्हे, तिच्या आतड्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात म्हणून. तिला हात लागला तर साबणाने हात धुवा, पुरे. बाहेर काढायचीच असेल तर रात्री खोलीतला दिवा बंद करा, गॅलरीतला लावा आणि खिडकी उघडी ठेवा. किंवा रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा तिच्यावर अलगद टेकवा आणि मागून पुठ्ठा सरकवा. शेपूट कडेखाली येत नाही ना, एवढं बघा. टरफलं आणि मोरपिसांना कुठलाही आधार नाही. ग्लू पॅड तर आणूच नका. त्याला चिकटलेली पाल तासन्‌तास तडफडत मरते.

बाथरूमच्या कोपऱ्यात चकचकीत खवल्यांची, आखूड पायांची, सापासारखी वळणारी दिसली तर ती सापसुरळी. ती विषारी असते हा समज गावापासून ठाण्याच्या विसाव्या मजल्यापर्यंत पसरलाय आणि तो साफ खोटा आहे. तिच्या बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नसतात, म्हणून गुळगुळीत टाइल्सवरून तिला वर येता येत नाही आणि ती अडकते. तीही शेपूट सोडते, तेव्हा चिमटा किंवा झाडू नको. खोका आडवा ठेवा आणि वर्तमानपत्राने हळूच आत ढकला. नंतर खाली सोसायटीच्या झाडाझुडपात सोडा. पिशवीत घालून लांब येऊरच्या जंगलात नेऊ नका. तिथले आसरे तिला माहीत नसतात.

गॅलरीतल्या कुंड्यांमधून सरडा आत येतो. त्याच्या मणक्यांत पालीसारख्या फटी नसतात, त्यामुळे त्याची शेपूट तशी सुटत नाही, आणि तुटली तर परत येत नाही. त्यालाही खोकाच वापरा.

तळमजल्यावर किंवा पार्किंगमध्ये घोरपड आली तर मात्र स्वतः काही करू नका. ती विनाकारण अंगावर येत नाही, पण कोंडली गेली की नखं आणि शेपटीचा फटका जोराचा असतो. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तिचं नाव आहे. तिला पकडणं आणि बाळगणं गुन्हा आहे. "हत्थाजोडी" नावाची जी मुळी धनलाभासाठी विकली जाते, ती मुळी नसून नर घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. त्यासाठी या प्राण्याची शिकार होते, म्हणून घोरपडीचा फोटो आणि सोसायटीचं नाव सगळीकडे पाठवत बसू नका. कुत्रं बांधा, मुलांना आणि वॉचमनला लांब ठेवा, बाहेर जायची एक वाट मोकळी सोडा. तरीही ती हलली नाही तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.