सीपीएल मिळालं, आता नोकरीच्या अर्जाचे कागद

कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) म्हणजे मोबदला घेऊन विमान उडवण्याची परवानगी. एअरलाइनमध्ये को-पायलट म्हणून बसायचं तर त्यावर आणखी कागद लागतात, आणि त्यातल्या बऱ्याच कागदांना मुदत असते. नव्या पायलटांचे अर्ज पुष्कळदा या तारखांपायीच अडकतात.

आधी पात्रता. आयसीएओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या लायसन्सविषयक नियमांप्रमाणे (अ‍ॅनेक्स 1) सीपीएलसाठी वय किमान 18 आणि उड्डाण 200 तास. मान्यताप्राप्त कोर्स केला असेल तर 150. त्यात पायलट-इन-कमांड, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर असलेला पायलट, म्हणून 100 तास, कोर्सवाल्यांना 70. देशोदेशीचे नियम याहून कडक असू शकतात. अमेरिकेत सीपीएललाच साधारणपणे 250 तास लागतात, आणि एअरलाइनमध्ये को-पायलट व्हायचं तर 2013 पासून एटीपी (एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट) सर्टिफिकेट लागतं, ज्याची सर्वसाधारण अट 1,500 तासांची आहे. म्हणूनच तिथे बरेच जण आधी इन्स्ट्रक्टर होऊन तास जमवतात. इतर काही देशांत 200 तासांवरही एअरलाइनचं दार उघडतं, पण त्यासाठी इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त उपकरणांच्या आधारे उडवण्याची परवानगी) आणि मल्टी-इंजिन रेटिंग (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानासाठीची) हाताशी हवं, आणि बऱ्याच ठिकाणी दोन वैमानिकांनी मिळून काम करण्याचा एमसीसी कोर्सही. जाहिरातीत नुसता एकूण तासांचा आकडा पाहून हुरळू नका; त्यातले ‘टाइपवर’, म्हणजे त्याच मॉडेलच्या विमानावर, किती मागितलेत ते बघा.

टाइप रेटिंग, म्हणजे ठरावीक मॉडेलचं विमान उडवण्याची परवानगी, हा खर्चाचा भाग. ए320 किंवा 737 साठी ते वेगवेगळं घ्यावं लागतं. माझं मत विचाराल तर नोकरीचं लेखी पत्र हातात नसताना स्वतःच्या पैशाने ते करू नये. रेटिंगला मुदत असते, आणि सिम्युलेटरवर शिकलेला हात सरावाशिवाय लवकर बोथट होतो.

आता कागद. लायसन्स, क्लास 1 मेडिकल (वैद्यकीय तपासणीचा दाखला), इंग्रजी प्रावीण्याचा दाखला, रेडिओ परवाना जिथे वेगळा असतो तिथे तो, पासपोर्ट, शिक्षणाची प्रमाणपत्रं आणि लॉगबुक, म्हणजे उड्डाणांची नोंदवही. सगळीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. चाळिशीच्या आत क्लास 1 मेडिकल 12 महिने चालतं. इंग्रजीची किमान पातळी चौथी. आयसीएओच्या शिफारशीनुसार ती दर 3 वर्षांनी तपासायची, पाचवी दर 6 वर्षांनी, आणि सहाव्या पातळीला पुन्हा परीक्षा नाही.

लॉगबुकवर मात्र एक अख्खी दुपार घालवा. तपासणारा माणूस तिथेच सगळ्यात जास्त वेळ घालवतो. नेहमीची चूक बेरजेची. मागच्या पानावरून 148:35 आले, या पानावर 6:50 झाले. कॅल्क्युलेटरवर 148.35 अधिक 6.50 केलं की 154.85 येतं, आणि घाईत 154:85 लिहिलं जातं. बरोबर उत्तर 155:25. पुढे कोणी ते 85 खोडून 55 केलं, की अर्धा तास गेला आणि नंतरची प्रत्येक बेरीज चुकली. चूक सापडली तर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहा आणि सही करा. पांढरी शाई लावली की संशय आलाच. उड्डाणाचा वेळ इंजिन सुरू केल्यापासून धरायचा नसतो. टेकऑफसाठी विमान जागचं हललं तिथपासून, उड्डाणाअखेर ते पूर्ण थांबलं तिथपर्यंत. इन्स्ट्रक्टर शेजारी बसून शिकवत असताना उडवलेले तास ड्युअलच्या रकान्यात जातात. एकट्याने केलेले सोलो पायलट-इन-कमांडमध्ये. हे दोन रकाने एकमेकांत मिसळले तर पायलट-इन-कमांडच्या 100 तासांची अट कागदावर पूर्ण दिसते आणि पडताळणीत कोसळते.

दुसऱ्या देशात अर्ज करायचा असेल तर तिथलं प्राधिकरण तुमचं लायसन्स मान्य करतं किंवा स्वतःचं देतं. त्याआधी ज्या देशाने लायसन्स दिलं त्याच्याकडून खरेपणाची पडताळणी मागवली जाते. ही सहसा दोन कार्यालयांमध्ये थेट होते. तुम्ही साक्षांकित करून दिलेली झेरॉक्स त्याची जागा घेत नाही. तुमच्या हातात एवढंच, की विनंती लवकर करायची आणि तिचा क्रमांक जपून ठेवायचा.

बऱ्याच अर्जांत शेवटचं उड्डाण कधी केलं आणि गेल्या 6 किंवा 12 महिन्यांत किती तास झाले, हेही विचारतात. वाट बघण्यात वर्ष गेलं तर हे रकाने रिकामे दिसतात. महिन्याला एखादा तास का होईना, उडवत राहा, आणि त्याच दिवशी लॉगबुकमध्ये लिहा.